माळ्यावरचा बिबट्या

मी बिबट्या बोलतोय. दचकू नका. माझ्या पोटात आता भुसा आहे, पायांत तारा आहेत आणि डोळे काचेचे आहेत. जबडा मात्र कायमचा उघडा आहे. ज्यानं मला बनवलं त्याला वाटलं, बिबट्या म्हणजे असाच दिसायला पाहिजे. खरं सांगायचं तर जिवंतपणी मी इतका वेळ तोंड वासून कधीच बसलो नव्हतो.

सध्या माझा मुक्काम वनखात्याच्या एका गोदामात आहे. मानेला सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलीय, तिच्यावर गुन्ह्याचा नंबर आहे. त्याआधी जवळजवळ पन्नास वर्षं मी कोल्हापुरात, शुक्रवार पेठेतल्या हिलाल फोटो स्टुडिओच्या माळ्यावर होतो. मला सांगायचीय ती गोष्ट माझ्यापेक्षा त्या स्टुडिओची जास्त आहे. पण तो स्टुडिओ आणि मी असे एकमेकांत अडकलो होतो, की एकाचं सांगताना दुसऱ्याचं सांगावंच लागतं.

माझा जन्म मलकापूरच्या पुढं, रत्नागिरी रस्त्याच्या वरच्या डोंगरात झाला. आई, मी आणि एक बहीण. मी मोठा झाल्यावर आई मला जवळ येऊ देईना, तसा मी खालच्या शिवाराकडं सरकलो. तिथं ऊस होता, कुत्री होती, शेरडं होती. एका पहाटे एका कुत्र्यामागं धावताना पायाखालची जमीनच संपली.

ती विहीर होती. तिला कठडा नव्हता. काठावर कमरेएवढं गवत माजलेलं, त्यामुळं मला ती दिसलीच नाही. कुत्रं बरोबर बाजूनं निघून गेलं. ते त्या गावचं होतं.

पाण्यातून धडपडत मी एका दगडी कपारीला लागलो. पुढचे दोन पाय कपारीवर, मागचे पाण्यात. वर चढायला जागा नव्हती, नखं दगडावरून घसरत होती. उजाडलं तशी वरच्या गोल आभाळाच्या कडेनं माणसांची डोकी दिसायला लागली. एक, दोन, मग सगळं गाव.

त्यात धोंडुबाई नावाची एक म्हातारी होती. ती ओरडत होती, “आरं बघत काय उभा ऱ्हायलाय? शिडी सोडा की आत. चढंल आन जाईल आपल्या वाटनं. भिजलंय बघा कसं!”

कुणीतरी शिडी आणली. ती आत आली, माझ्या कपारीला टेकली. मी तिच्यावर एक पंजा ठेवलासुद्धा. तेवढ्यात वर जीप थांबल्याचा आवाज आला आणि शिडी सरसर वर गेली.

जीपमधून विजयसिंह उतरले होते. त्या भागातले मोठे जमीनदार. तेव्हा शिकारीला परवाना मिळायचा आणि तो त्यांच्या खिशात असायचा. ते काठावर आले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “कुतुब येईपर्यंत कुणी काय करायचं न्हाय. जीप पाठवा कोल्हापूरला.”

कुतुब म्हणजे कुतुबुद्दीन, हिलाल स्टुडिओचे मालक. विजयसिंहांच्या घरातलं लग्न असो, बारसं असो, फोटो त्यांनीच काढायचे. जीप कोल्हापूरला जाऊन परत येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. तोवर मी त्या कपारीला लोंबकळत होतो. एका फोटोवाल्याची वाट बघत.

कुतुबुद्दीन आले. धाप लागलेला, सडपातळ, चष्मेवाला माणूस. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि काठावरून आत वाकले. मी वर बघितलं. खटका पडला. मग त्यांनी कॅमेरा खाली घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, “सरकार, फोटो झालाय. लई चांगला येईल. आता सोडून देऊ या का ह्याला?”

विजयसिंह हसले. “मला जित्याचा नको कुतुब. मेल्यावरचा पाहिजे.”

पुढचं मला माहीत नाही.

त्यानंतर मी बघायला लागलो ते म्हैसूरला, मेलेल्या जनावरांत भुसा भरणाऱ्या एका कारखान्यात, काचेचे डोळे बसवल्यावर. पहिल्यांदा दिसला तो माझाच पंजा. त्यातली नखं कुणीतरी रंगवून काळी केली होती. तिथून मला पेटीत घालून कोल्हापूरला आणलं आणि थेट हिलाल स्टुडिओत उतरवलं. विजयसिंहांना माझ्याबरोबर फोटो काढून घ्यायचा होता. मागं धबधब्याचा रंगवलेला पडदा, पुढं मी, माझ्या पाठीवर त्यांचा बूट. फोटो झाल्यावर ते म्हणाले, “नव्या घराचं काम चाललंय. दिवाणखाना झाला की माणूस पाठवतो. तवर ऱ्हाऊ दे हितं.”

तो माणूस कधीच आला नाही.

दोन-एक वर्षं मी स्टुडिओच्या कोपऱ्यात उभा होतो. माणसांना मी फार जवळून बघितलं ते तेव्हाच. पैलवान यायचे, खांद्यावर गदा घेऊन माझ्या शेजारी उभे राहायचे आणि हळूच विचारायचे, “चावत न्हाई न्हवं?” नवी जोडपी यायची. नवरा माझ्या डोक्यावर हात ठेवायचा, नवरी पदर तोंडात धरून लांब उभी राहायची, आणि फोटो झाला की नवऱ्याची नजर चुकवून तीच माझ्या पाठीवरून हात फिरवायची. लहान मुलं जबड्यात बोटं घालायची. एका जाडजूड मुलाला माझ्यावर बसवलं तेव्हा माझा डावा कान तुटला. कुतुबुद्दीननी तो डिंकानं चिकटवला. चिकटवताना ते माझ्याकडं बघत नव्हते. गिऱ्हाईक हट्ट धरायचं म्हणून ते मला पुढं ओढायचे, पण त्यांनी स्वतःचा किंवा घरातल्या कुणाचा फोटो माझ्याबरोबर कधी काढला नाही.

मग नवा कायदा आला. शिकार बंद. ज्यांच्याकडं जनावरांची कातडी, मुंडकी असतील त्यांनी ती सरकारदरबारी नोंदवून कागद करून घ्यायचा. कुतुबुद्दीन मलकापूरला जाऊन विजयसिंहांना भेटून आले. आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलेलं मी ऐकलं. विजयसिंह म्हणाले होते, “ठिव की तुझ्याकडंच. आन कागदबिगद काय करत बसू नगंस. कागद केलास की मारला कुणी, कुठं, हे लिवावं लागतंय. गावभर शेपन्नास माणसं हाईत विहिरीवरची. समोरासमोर मारला असं सांगितलंय मी सगळीकडं.”

“मग तुम्ही काय म्हणालात?” बायकोनं विचारलं.

“काय म्हणणार? त्यांच्या जागेत स्टुडिओ हाय.”

त्याच दिवशी दुपारी दुकानाची फळी लावून त्यांनी मला पांढऱ्या चादरीत गुंडाळलं, मेहुण्याच्या मदतीनं शिडीवरून माळ्यावर चढवलं आणि डांबरगोळ्यांची पुडी माझ्या पायाशी ठेवली. “दोन-चार महिने,” ते म्हणाले. मला म्हणाले की मेहुण्याला, कळलं नाही.

माळा म्हणजे कौलांखालची अंधारी जागा. एक काचेचं कौल होतं, त्यातून दिवसातून थोडा वेळ उजेडाचा चौकोन चादरीवर पडायचा आणि सरकत निघून जायचा. फळ्यांच्या फटींतून खालचं सगळं ऐकू यायचं. डार्करूमचं दार, पाण्याची धार, फोटो धुण्याच्या हायपोचा वास, कुतुबुद्दीनचं शिंकणं. विजयसिंह वारले ते मला खालच्या बोलण्यातूनच कळलं. त्याआधी त्यांनी ती जागा कुतुबुद्दीनच्या नावावर करून दिली होती. लोकांना तो मोठेपणा वाटला. मी वर बसून ऐकत होतो. मला वाटलं, आता तरी मला खाली काढतील. पण नोंदणीची मुदत कधीच टळून गेली होती. आता मला बाहेर काढायचं म्हणजे इतकी वर्षं का लपवलं याचं उत्तर द्यायला लागणार होतं. वर्षं जातील तसं ते उत्तर अवघड होत गेलं.

आणि माझ्यामुळं ती माणसंही अडकली. कौलं फुटली तरी गवंड्याला बोलावता येईना, कारण तो माळ्यावर चढणार. पावसाळ्यात डार्करूममध्ये गळायचं, खाली बादली ठेवायची. सगळ्या गल्लीत सिमेंटच्या इमारती उठल्या. आमच्या जागेलाही मागणी आली. कुतुबुद्दीन म्हणायचे, “माझ्यामागं काय करायचं ते करा.” लोक त्यांना हट्टी म्हणायचे. ते वर्षातून एकदा शिडी चढून यायचे, डांबरगोळ्या बदलायचे आणि थोडा वेळ बसायचे. एकदा म्हणाले, “मी जीप परत पाठवायला पाहिजे होती. म्हणायचं होतं, कॅमेरा बिघडलाय. तेवढंच सुचलं न्हाय.”

ते गेल्यावर स्टुडिओ त्यांच्या मुलीकडं आला. शहाजादी तिचं नाव. तिचा नवरा लवकर वारला, म्हणून ती लहान मुलीला, मेहकला घेऊन माहेरी आली होती. सगळी गल्ली तिला आपा म्हणायची. बापानं मरताना तिला माझ्याबद्दल सगळं सांगितलं होतं. तिनं माळ्याच्या तोंडाशी फळी ठोकून वर कुलूप घातलं. ती एकदाही वर आली नाही. माझ्या कातड्यात किडे झाले ते तेव्हा.

फिल्मचा जमाना संपला. डार्करूमची अडगळ झाली. आपा पासपोर्टचे फोटो काढायची, आधारकार्डाच्या प्रती काढायची, दहावीच्या अर्जांचे दिवस आले की दम खायला फुरसत नसायची, आणि बाकी वर्षभर फुरसतच असायची. मेहक कॉलेजात गेली, फोटो छापण्याचं शिकून आली आणि एक मोठा प्रिंटर घ्यायला लावला. त्याची घरघर मला फळ्यांतून जाणवायची.

एकोणीस सालचा महापूर आला तेव्हा आमच्या गल्लीत गुडघाभर, मग कमरेइतकं पाणी झालं. प्रिंटर, कागदाची खोकी वर चढवायची होती. मेहकनं कुलूप तोडलं.

चादर तिच्या हाताला लागली. तिनं ती ओढली. आम्ही दोघं समोरासमोर आलो. ती किंचाळली आणि मग खाली वाकून ओरडली, “अम्मी! वर वाघ हाय!”

“बिबट्या हाय तो,” खालून, पाण्यातून आपाचा आवाज आला. “आता सगळ्या गल्लीला सांगतीस का?”

होडी यायला दुपार झाली. तोवर मायलेकी माझ्या दोन्ही बाजूंना पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. आपानं बापाकडून ऐकलेलं सगळं तिला सांगितलं. विहीर, शिडी, जीप. मेहकनं आजोबांबद्दल विचारलं, “आन नानांनी काढलेला फोटो?” आपानं तुळईच्या मागं हात घालून चहाचा एक डबा काढला. त्यात निगेटिव्ह होती. मेहकनं ती काचेच्या कौलाकडं धरली आणि मग माझ्याकडं बघितलं.

पूर ओसरला. भिंतींवर ओलीची रेघ राहिली. चिखल काढून झाल्यावर पहिलं गिऱ्हाईक आलं ते कृष्णात. गारगोटीच्या पलीकडच्या गावचा, दूध संस्थेत कामाला, गळ्यात जुना कॅमेरा. रोज पहाटे दूध गोळा करायला फिरताना जे दिसेल त्याचे फोटो काढायचा. त्यानं एक फोटो दाखवला. विहिरीत गव्याचं पिल्लू बुडून मेलेलं. काठावर त्याची आई उभी.

“हा दारातनं आत येईल एवढा मोठा करून द्या,” तो म्हणाला. “ग्रामपंचायतीत लावतो. तीन वर्सं सांगतोय, विहिरीला कठडा बांधा म्हणून. सांगून लोकास्नी दिसत न्हाय, आपा. बघितल्यावर दिसंल.”

मेहकनं तो फोटो असा छापला की ओल्या केसांचा एक-एक झुपका दिसावा. वाळायला म्हणून तो दुकानात टांगला, तर रस्त्यावरून जाणारी माणसं थांबायला लागली. महिन्याभरात कृष्णात पेढे घेऊन आला. पंचायतीनं कठडा बांधला होता.

तिथून ते सुरू झालं. कृष्णातसारखे डोंगरकपारीत फिरणारे आणखी चार-पाच जण आपले फोटो द्यायला लागले. शेकरू, धनेश, खवल्या मांजर, दाजीपूरकडचे गवे. मेहक ते चांगल्या जाड कागदावर छापायची. घरात, दवाखान्यात, हॉटेलात लावायला लोक न्यायचे. त्यातला अर्धा वाटा विहिरींना. कृष्णात गावोगाव फिरून बिनकठड्याच्या विहिरी शोधायचा, शेतकऱ्याला तयार करायचा, गवंडी गाठायचा. ज्या फोटोतून जी विहीर झाली, तिचं गाव आणि शेतकऱ्याचं नाव त्या फोटोच्या मागं लिहायचं, हे आपानं सुचवलं. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं. हिलाल स्टुडिओच्या जुन्या पाटीखाली नवी छोटी पाटी लागली: ‘कठडा’.

चार वर्षांत अठ्ठावीस विहिरी झाल्या. खाली माणसं येऊन बिबट्या कसा वाचवावा यावर तासन्‌तास बोलायची. मी वर बसून ऐकायचो. मला आनंद व्हायला हवा होता, आणि होतही होता. पण कुणी जरा मोठ्यानं “बिबट्या” म्हटलं, की आपाची नजर छताकडं जाते हे मला फटीतून दिसायचं. पूर्वी ती एका चुकीला भीत होती. आता भीत होती ती तिच्या चांगल्या कामासाठी. ही भीती जास्त वाईट.

मेहकला नानांचा तो फोटो छापायचा होता. तिनं निगेटिव्ह कॉम्प्युटरवर घेतली होती. ती म्हणायची, “अम्मी, असा फोटो आख्ख्या जिल्ह्यात कुणाकडं न्हाय. विहिरीतनं वर बघणारा जिवंत बिबट्या. हा एकटा शंभर विहिरी बांधून देईल.”

“आन लोक पहिला प्रश्न काय विचारतील?” आपा म्हणायची. “पुढं काय झालं त्याचं, वाचला का? काय सांगशील?”

खोटं सांगायचं तर फोटो छापून उपयोग नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी वर होतो.

असंच चाललं असतं. पण एक दिवस अमरसिंह आले. विजयसिंहांचे नातू. ते ‘कठडा’चे जुने गिऱ्हाईक. मलकापूरकडं त्यांनी पाहुण्यांसाठी मोठं विश्रामगृह बांधलं होतं आणि त्याच्या भिंतींवर मेहकनं छापलेले फोटो होते. गोड बोलणारा माणूस. चहा झाल्यावर ते म्हणाले, “आपा, आमच्या आज्जांचा बिबट्या तुमच्याकडं हाय, असं घरात ऐकलंय.”

आपानं उठून दुकानाचं दार लोटून घेतलं.

“घाबरू नका. मी कुणाला सांगत न्हाय. पण तुम्हाला तरी त्याचा काय उपयोग? आमच्या घरातली वस्तू आमच्या घरात येऊ दे. सोबत त्याच्या काही निगेटिव्ह असतील तर त्यापण. बदल्यात आमच्या शिवारातल्या, शेजारच्या चार गावांतल्या सगळ्या विहिरींना कठडे मी बांधून देतो. एका वर्षात. तुमची ब्याद जाईल आन काम पण होईल.”

मेहक पटकन म्हणाली, “सगळ्या विहिरींना?”

“सगळ्या.”

मला वाटलं, आता सुटलो. माळ्यावरून दिवाणखान्यात जाण्याला सुटणं म्हणायचं असेल तर. मेहक आईकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत विहिरी दिसत होत्या. आपानं दोन दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपा पुरानंतर पहिल्यांदा शिडी चढून वर आली. गुडघे दुखत होते, प्रत्येक पायरीवर थांबत आली. माझ्यासमोर बसली. किड्यांनी खाल्लेल्या पाठीवरून तिनं हात फिरवला तशी मूठभर केस तिच्या हातात आले. ती ते केस बघत बसली.

“मी खाली बसून ऐकायची,” ती म्हणाली. “अब्बा तुझ्याशी बोलायचे ते. मला वाटायचं, माझ्याशी का बोलत न्हाईत.” मग म्हणाली, “तिथं गेलास तर तो लोकास्नी काय सांगणार, माहीत हाय न्हवं?”

अमरसिंह ठरल्याप्रमाणं आले. आपानं त्यांना बसायला सांगितलं. त्यांनी हसत विचारलं, “मग काय ठरलं? नेऊ का आमचा वाघ? आज्जांनी समोरासमोर पाडलेला हाय. झेप घेतली आन हवेतच गोळी...”

“पावणं,” आपा म्हणाली, “तुमच्या आज्जांनी ह्याला विहिरीत मारला. शिडी काढून घेऊन. माझा बाप येईपर्यंत लोंबकळत ठेवून.”

अमरसिंहांचा चेहरा उतरला. “कोण म्हणतंय?”

“माझा बाप. आन त्यानं काढलेला फोटो.”

“आपा, विचार करून बोला. माळा तुमचा, घर तुमचं. आमच्या घरात काय सापडत न्हाय. गुन्हा तुमच्यावर पडंल.”

“पडू दे की,” आपा म्हणाली. “तुमच्या आज्जांची लाज माझ्या बापानं सांभाळली, आन बापाची म्हणून मी. आता मेहकनं सांभाळायची का? तिच्या गळ्यात मी हे बांधणार न्हाय.”

ते उठून गेले. मेहक रडत होती. “अम्मी, अगं सगळ्या विहिरी झाल्या असत्या.”

“व्हय,” आपा म्हणाली. “झाल्या असत्या.” आणि वकिलांना फोन लावायला घेतला.

तीन दिवसांनी वनखात्याची माणसं आली. आपा स्वतः वकिलांबरोबर कचेरीत जाऊन सांगून आली होती. मला खाली काढलं. पन्नास वर्षांनी मी सगळं दुकान पाहिलं. धबधब्याचा पडदा नव्हता, भिंतीभर जिवंत जनावरं होती. पंचनामा झाला, मापं घेतली, ‘डावा कान डिंकाने चिकटवलेला’ हेही लिहिलं. अधिकारी बाई सभ्य होत्या. त्या म्हणाल्या, “आपा, तुम्ही स्वतःहून दिलंत, तसं लिहिलंय. पण गुन्हा नोंदवावाच लागतो.”

“लिहा,” आपा म्हणाली. “ह्याचं पुढं काय करता तुम्ही?”

“कोर्टाचा हुकूम झाला की असल्या वस्तू जाळून टाकतात. म्हणजे पुन्हा कुणाच्या दिवाणखान्यात जायला नको.”

गल्ली दारात उभी होती. कृष्णातही त्यात होता. त्या दिवशी तो प्रिंट न्यायला आला होता. माझ्याकडं बघून तो पांढराफटक पडला. “आपा, मला तरी सांगायचं,” एवढंच बोलला. “मी तुमच्या नावावर लोकांच्या दारात जातोय.” आणि गाडीला किक मारून निघून गेला.

तेव्हापासून मी इथं आहे.

बाहेरची बातमी मला कृष्णातकडूनच कळते. जनावर अडकलं की वनखात्याच्या माणसांबरोबर तो जातो, आणि जाळ्या, दोर, पिंजरा हे सगळं याच गोदामात असतं. पहिले सहा महिने तो माझ्याकडं पाठ करून दोर गोळा करायचा. मग एकदा तो चौकीदाराशी बोलत बसला. वर्तमानपत्रात ‘प्राणिप्रेमींच्या माळ्यावर बिबट्या’ असं छापून आलं होतं. शाळांनी ‘कठडा’च्या फोटोंची ठरलेली प्रदर्शनं रद्द केली. भिंतीवरचे फोटो लोकांनी परत आणून दिले, मागं आपाच्या अक्षरात विहिरीचं नाव असलेले. यंदा एकच कठडा झाला. आपा दर तारखेला कोर्टात जाऊन बसते. आणि दुकानाच्या काचेत मेहकनं नानांचा तो फोटो लावलाय. खाली लिहिलंय, हा वाचला नाही, याला विहिरीतच मारला, आणि ते आमच्या घरानं पन्नास वर्षं लपवलं.

“आन लोक?” चौकीदारानं विचारलं.

“थांबत्यात. वाचत्यात. काही शिव्या देऊन जात्यात.” कृष्णात दोराची गाठ सोडवत राहिला. “मी पण गेलतो परवा. आपानं चहा दिला. पुढच्या विहिरींची यादी काढली आम्ही.” मग पहिल्यांदाच माझ्याकडं तोंड करून म्हणाला, “तुझा राग न्हवता रं.”

परवा दुपारी पिंजरा भरून आला. कळंब्याच्या बाजूला एक बिबट्या गोठ्यात शिरला होता. मालकानं बाहेरून कडी घातली आणि खात्याला फोन केला, एवढं शहाणपण केलं. डॉक्टर येईपर्यंत पिंजरा सावलीला म्हणून गोदामाच्या दारात ठेवला. माझ्यापासून चार हातांवर.

मेल्यानंतर मी पहिल्यांदाच दुसरा बिबट्या बघत होतो. तो तरुण होता. गजांवर आपटून नाक सोललं होतं. धापा टाकत होता, आणि धापेबरोबर त्याची सगळी कातडी हलत होती. कातडी हलते, हे मी विसरून गेलो होतो.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, गुरगुरेल. निदान कान मागं घेईल. त्यानं हवा हुंगली. डांबरगोळ्या, भुसा, जुना डिंक. आणि मान वळवून दाराकडं बघायला लागला. त्याला तिथं बिबट्या दिसलाच नाही.

डॉक्टर आले, तपासलं, म्हणाले, धडधाकट आहे, सोडा. चौघांनी पिंजरा उचलला. कृष्णात एका कोपऱ्याला होता. गाडी डोंगराच्या दिशेनं गेली. संध्याकाळी पिंजरा रिकामा परत आला, दार उघडं.

म्हणून आता सांगतो. कोर्टात कधीतरी माझा नंबर पुकारला जाईल, तेव्हा कुणी असं म्हणायचं नाही की वस्तू जुनी आहे, संग्रहालयात ठेवू. काचेच्या पेटीत ठेवून मुलांना दाखवू नका. हे बघून त्यांना बिबट्या कळणार नाही. मला जाळा. जाळाल त्या दिवशी शहाजादी आपाला बोलवा, तिला एकदा तरी तारखेशिवाय कचेरीत येऊ द्या. मेहक आली तर तिला फोटो काढू नको म्हणून सांगा. माझे फोटो पुष्कळ झाले.

राख कुठं टाकायची तेही विचारू नका. डोंगरात टाका नाहीतर इथल्याच आवारात. मला कुठं जायचं नाही. फक्त इथून निघायचंय.